शेतकऱ्याच्या हातीं जीपीएस यंत्र : प्रारंभींचा पाठ

पैठण तालुक्यांत कोठें कोठें हल्लीं शेतकऱ्यांच्या हातांत मुठींत मावणारें एक लहानसें यंत्र दिसूं लागलें आहे. त्यास जीपीएस असें म्हणतात. आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठें उभे आहों, हें तें अक्षांश-रेखांशांच्या आंकड्यांनीं सांगतें. हीच सोय आतां मोबाइल फोनांतहि असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळें, ज्यानें असलें यंत्र कधीं पाहिलें नाहीं त्यानेंहि, पिकांत उभें राहून फोटो काढतांना तिचा उपयोग नकळत केलेला आहे.

यंत्राविषयीं लोकांत दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, आतां मोजणीदाराची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं, बांधाचे तंटे घरच्या घरीं मिटतील. कोणी म्हणतात, हें शहरी पोरांचें खेळणें आहे. महसुली दप्तरांत ज्यांचे दिवस गेले त्या आम्हांस पहिलें मत दुसऱ्यापेक्षां अधिक घातक वाटतें. खेळणें समजून कोणी यंत्र टाकून दिलें तर फार तर चार पैसे वायां जातील. पण त्याच्या भरंवशावर शेजाऱ्याच्या बांधांत कुदळ घातली तर दोन घरें कोर्टाची पायरी चढतील. आमच्या मतें, एकदां पाहिलेली जागा पुन्हां हुडकून काढणें हें या यंत्राचें खरें काम आहे. ती जागा कोणाची, हें ठरविणें त्याचें काम नव्हे. हा भेद मनांत ठेवून पुढील पाठ वाचावा.

प्रथम यंत्र काय करतें तें थोडक्यांत सांगतों. अमेरिकेच्या सरकारनें १९७३ सालीं या योजनेस आरंभ केला, १९७८ सालीं पहिला उपग्रह सोडला व १९९५ सालीं योजना पूर्णपणें चालू झाल्याचें जाहीर केलें. हे उपग्रह जमिनीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर असून प्रत्येक उपग्रह जवळजवळ बारा तासांत पृथ्वीभोंवतीं एक फेरी करतो. प्रत्येकांत अत्यंत सूक्ष्म वेळ दाखविणारें आण्विक घड्याळ असतें, आणि आपण कोठें आहों व आपल्या घड्याळांत किती वाजले, एवढेंच तो अखंड सांगत असतो. आपलें यंत्र तो संदेश ऐकतें व संदेशास वाटेंत लागलेल्या वेळावरून उपग्रहाचें अंतर काढतें. शेतांतला दाखला घ्यावयाचा तर असा : तीन झाडांना तीन दोर बांधले आणि प्रत्येक दोराची लांबी आपणांस ठाऊक असली, तर तिन्ही दोर ताणून जेथें त्यांचीं टोंकें एकत्र येतील ती जागा एकच. येथें झाडांच्या जागीं उपग्रह आहेत. मात्र आपल्या यंत्रांतलें घड्याळ साधें असतें, आणि एका सेकंदाचा दहा लक्षावा भाग चुकला तरी अंतरांत ३०० मीटरांचा फरक पडतो. म्हणून ती चूक काढण्यासाठीं चौथा उपग्रह लागतो. चारांहून कमी उपग्रह ऐकूं येत असतील तेव्हां यंत्राच्या बोलण्यावर विसंबूं नये.

यंत्र स्वतः कांहीं पाठवीत नाहीं, फक्त ऐकतें. म्हणून त्यास मोबाइलचें नेटवर्क लागत नाहीं व महिन्याचा आकारहि पडत नाहीं. २ मे २००० पूर्वीं अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठींच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळीत असे, व त्यामुळें शंभर मीटरांपर्यंत फरक पडे. तें त्या दिवसापासून बंद झालें. सबब आजचें साधें हातयंत्र उघड्या रानांत तीन ते पांच मीटरांच्या आंत जागा दाखवितें. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू याहि अशाच योजना होत. आपल्या इस्रो संस्थेनेंहि १ जुलै २०१३ रोजीं पहिला उपग्रह सोडून आपली योजना उभारण्यास प्रारंभ केला. तिला २०१६ सालीं नाविक हें नांव मिळालें. नवीं यंत्रें एकाहून अधिक योजनांचे उपग्रह ऐकतात, हें चांगलेंच आहे.

एके काळीं हेंच ज्ञान मिळविण्यास किती श्रम पडत, याचीहि आठवण असावी. विल्यम लॅम्बटन यानें १० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासेस पायारेषा मोजण्यास आरंभ केला व तेथून सारा हिंदुस्थान त्रिकोणांनीं मोजण्याचें काम हातीं घेतलें. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट डोंगरांवर व देवळांच्या शिखरांवर चढवीत तो वीस वर्षें उत्तरेकडे सरकत राहिला, आणि १८२३ च्या जानेवारींत, काम चालू असतांच, आतांच्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें वारला.

आतां प्रत्यक्ष पाठ. यंत्र घरांत, गोठ्यांत किंवा पत्र्याखालीं चालू करून पाहूं नये. तेथें त्यास कांहीं ऐकूं येत नाहीं, आणि घेणारा उगीच निराश होतो. पहिल्या दिवशीं उघड्या माळावर जाऊन, आकाश चोहोंकडे मोकळें दिसेल अशा जागीं तें चालू करावें व पंधरा-वीस मिनिटें एका जागीं ठेवावें. कारण असें कीं, सर्व उपग्रह केव्हां कोठें असतील याचें जणूं एक पंचांगच उपग्रह पाठवीत असतात, व तें पुरें उतरून घेण्यास साडेबारा मिनिटें लागतात. एकदां पंचांग हातीं आलें म्हणजे पुढें यंत्र मिनिटा-दोन मिनिटांत जागा सांगूं लागतें. यंत्र महिनोगणतीं बंद राहिल्यास किंवा बंद स्थितींत दूर देशीं नेल्यास पुन्हां तितकीच वाट पाहावी.

त्यानंतर यंत्राच्या मांडणींत तीन गोष्टी ठरवून घ्याव्या, व एकदां ठरविल्यावर घरांतल्या कोणासहि त्या बदलूं देऊं नयेत. अंतर मीटरांत व क्षेत्र हेक्टरांत ठेवावें, म्हणजे सातबाऱ्याशीं ताडून पाहतां येतें. दुसरी गोष्ट, डेटम म्हणून जें एक कलम असतें तेथें डब्ल्यूजीएस ८४ असेंच असावें. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट नांवाच्या निराळ्या पृथ्वीमानावर काढलेले आहेत. तें मान निवडल्यास, अथवा त्या नकाशावरील आंकडा जसाच्या तसा यंत्रांत भरल्यास, आपल्या भागांत शंभर मीटरांहून अधिक अंतर चुकतें. तिसरी गोष्ट अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धतीची. तिच्याविषयीं जरा विस्तारानें लिहिणें भाग आहे, कारण नवशिक्यांच्या बहुतेक चुका येथेंच होतात.

अंश, कला व विकला हे शब्द पंचांग पाहणारांस परिचित आहेत. साठ विकलांची एक कला व साठ कलांचा एक अंश. यंत्र एकच अक्षांश तीन प्रकारांनीं लिहूं शकतें. समजा, गोदेकांठच्या एका शेताचा अक्षांश १९.४८००० अंश आहे. त्यांतील ०.४८ ला साठांनीं गुणिलें म्हणजे २८.८ कला येतात. म्हणून दुसऱ्या प्रकारांत तोच अक्षांश १९ अंश २८.८०० कला असा होतो. पुन्हां ०.८ ला साठांनीं गुणिलें म्हणजे ४८ विकला; म्हणून तिसऱ्या प्रकारांत तो १९ अंश २८ कला ४८ विकला असा लिहितात. तिन्ही एकच. परंतु फोनावरून कोणी नुसतें 'एकोणीस पॉइंट अठ्ठेचाळीस' म्हणून सांगितलें व ऐकणारानें १९ अंश ४८ कला असें यंत्रांत भरलें, तर तो ३५ किलोमीटर उत्तरेस, बिडकीनच्याहि पुढें जाऊन उभा राहील. बोअरवेलची गाडी अशा आंकड्यावर भलत्याच गांवीं गेली तर दोष यंत्राचा नव्हे. म्हणून सर्व कुटुंबानें एकच प्रकार धरावा. आम्हांस पहिला, म्हणजे नुसत्या दशांशांचा, सोयीचा वाटतो. त्यांत दशांशचिन्हापुढें पांच आंकडे लिहावेत, व अक्षांश आधीं, रेखांश नंतर, हा क्रम मोडूं नये. पैठणचा अक्षांश १९ अंशांच्या घरांत व रेखांश ७५ अंशांच्या घरांत आहे. याच्या उलट दिसलें तर लिहितांना अदलाबदल झाली असें खुशाल समजावें.

या पांचव्या आंकड्याचें मोल काय तें ध्यानांत घ्यावें. आपल्या अक्षांशावर, उत्तर-दक्षिण दिशेनें पांचव्या आंकड्यांतील एकाचा फरक म्हणजे सुमारें १ मीटर १० सेंटिमीटर, व पूर्व-पश्चिम दिशेनें सुमारें १ मीटर ५ सेंटिमीटर. एवढें समजलें म्हणजे प्रत्येकास आपल्या यंत्राची परीक्षा स्वतः घेतां येते. ती अशी. आपल्या विहिरीच्या कठड्याचा एक कोपरा, अथवा हलणार नाहीं असा एखादा दगड, निवडावा. त्यावर आठ दिवस, सकाळीं, दुपारीं व सायंकाळीं, यंत्र ठेवून पांच मिनिटें थांबावें व आंकडे वहींत टिपावेत. आंकडे दर वेळीं थोडे निराळे येतील. एकदां १९.४८०१२ आला व दुसऱ्यांदां १९.४८०१५ आला, तर त्या दोहोंत तीन मीटरांहून कांहींसें अधिक अंतर पडलें. आठ दिवसांची वही समोर ठेवली म्हणजे यंत्र किती फिरतें हें दुकानदाराच्या सांगण्यावर अवलंबून राहत नाहीं. तीच परीक्षा मग मोसंबीच्या बागेंत, उभ्या उसांत व लिंबाच्या झाडाखालीं घ्यावी. तेथें पानांनीं आकाश झांकलेलें असतें, व भिंती किंवा पत्रे जवळ असल्यास संदेश त्यांवर आदळून वांकड्या वाटेनें येतो. त्यामुळें फरक कितीतरी वाढलेला आढळेल. कित्येक यंत्रांत एकाच जागेचीं अनेक मापें घेऊन त्यांची सरासरी काढण्याची सोय असते. महत्त्वाच्या जागेसाठीं ती अवश्य वापरावी.

खूण नोंदविणें व खुणेकडे परत जाणें, हे पुढचे दोन धडे सोपे आहेत. जागेवर उभें राहून बटण दाबलें कीं खूण नोंदली जाते. तिला यंत्र आपण होऊन ००१, ००२ असें नांव देतें. तें तसेंच राहूं देऊं नये. दोन महिन्यांनीं ०१७ म्हणजे काय तें कोणासहि आठवत नाहीं. 'जुनी विहीर', 'व्हॉल्व्ह तिसरा' असें नांव द्यावें. परत जातांना खूण निवडली म्हणजे यंत्र बाण व अंतर दाखवितें. स्वस्त यंत्रांत होकायंत्र नसतें. तीं चालण्यावरूनच दिशा ओळखतात. त्यामुळें उभें राहून बाण पाहिल्यास तो भलतीकडे वळतो. दहा-वीस पावलें सरळ चालावें, मग पाहावें. बाण पक्ष्याच्या वाटेनें दाखवितो, माणसाच्या नव्हे, हेंहि विसरूं नये. डाव्या कालव्याच्या पलीकडलें शेत यंत्रांत ३०० मीटर दिसतें, पण पूल दोन किलोमीटरांवर असतो.

आतां हें सर्व कशासाठीं, असें कोणी विचारील. आमच्या भागांत त्याचें उत्तर नाथसागराकडे बोट दाखवून देतां येतें. जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्‌घाटन केलें. त्यामागें जो सुमारें ५५ किलोमीटर लांबीचा जलाशय झाला त्याच्या कांठचे शेतकरी परवाना काढून दूरदूरच्या शेतांत पाइपलाइनीनें पाणी नेतात. ही पाइपलाइन दुसऱ्यांच्या शेतांखालून जाते. टाकतांना जे हजर होते त्यांना सांधे, वळणें व व्हॉल्व्ह ठाऊक असतात. दहा वर्षांनीं ते लोक म्हातारे होतात, बांधावरचीं झाडें तुटतात, आणि एक गळती शोधण्यासाठीं परक्याच्या उभ्या पिकांत चार जागीं खड्डे खणावे लागतात. त्यावरून जे तंटे होतात ते आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. चर उघडा असतांनाच प्रत्येक सांध्यावर, वळणावर व व्हॉल्व्हवर खूण घेतली, तर पुढें खड्डा तीन-चार मीटरांच्या घेरांत एकच खणावा लागेल. हा एकच उपयोग झाला तरी यंत्राची किंमत वसूल झाली, असें आम्ही समजतों.

दुसरा उपयोग गाळपेराचा. पाणी ओसरत जातें तसतशी तळाची जमीन उघडी पडते व ती ठरीव मुदतीनें पेरणीस दिली जाते. तेथें ना बांध, ना झाड, ना दगड. गेल्या वर्षाची काठी पाण्यानें नेलेली असते. कोणास कोणता तुकडा दिला हें अधिकाऱ्यांनीं जागेवर दाखविलें, त्याच वेळीं सर्वांसमक्ष चारी कोपऱ्यांच्या खुणा घेतल्या व त्यांचे आंकडे एका कागदावर लिहून लगतच्या पेरणाऱ्यांच्या सह्या घेतल्या, तर हंगामाच्या मध्यावर काठी हलली तरी वाद वाढणार नाहीं. मात्र हे आंकडे त्या हंगामापुरते. खूण आपल्या यंत्रांत आहे म्हणून पुढच्या वर्षीं तोच तुकडा आपला, असें होत नाहीं.

पुराचीहि गोष्ट अशीच आहे. ऑगस्ट २००६ मध्यें पैठण शहरांत गोदावरीचें पाणी शिरलें होतें. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टींत मराठवाड्यांतील नदीकांठच्या पुष्कळ जमिनी खरडून गेल्या. अशा वेळीं विहीर गाळानें बुजते व बांध दिसेनासा होतो. विहीर, बोअर, हद्दीचे दगड व विजेचे खांब यांच्या खुणा आधींच घेतलेल्या असल्या तर निदान कोठें खणून पाहावें हें कळतें, व पंचनाम्याच्या वेळीं तोंडी वर्णनापेक्षां बरा आधार हातीं राहतो.

क्षेत्र मोजण्याचें कलम यंत्रांत असतें. शेताच्या कडेनें फेरी मारली कीं तें हेक्टर सांगतें. ट्रॅक्टरची नांगरट, फवारणी अथवा सोंगणी उक्ती द्यावयाची असेल तर हें माप पुरेसें आहे, व मजूर-मालक दोघांसहि सोयीचें. परंतु त्याची मर्यादा हिशेबानेंच पाहावी. एक एकराचें चौकोनी शेत घेतलें तर त्याची बाजू सुमारें ६३.६ मीटर होते. चारी बाजूंस तीन-तीन मीटर बाहेर माप गेलें तर क्षेत्र सुमारें ८०० चौरस मीटरांनीं, म्हणजे जवळजवळ आठ गुंठ्यांनीं वाढतें. चाळीस गुंठ्यांत आठ! दहा एकरांच्या सलग शेतांत तेवढ्याच चुकीनें सुमारें चोवीस गुंठे वाढतील, पण ते चारशें गुंठ्यांत. थोड्या वेळांत मारलेल्या फेरींत चूक बहुधा एकाच दिशेस झुकलेली असते, त्यामुळें क्षेत्र इतकें वाईट चुकत नाहीं. तथापि लहान तुकड्यावर भरंवसा कमी व मोठ्या शेतावर अधिक, हा नियम कायम राहतो. फेरी मारण्याऐवजीं प्रत्येक कोपऱ्यावर थांबून सरासरीची खूण घेतल्यास माप सुधारतें.

आतां बांधाविषयीं. जुन्या मोजणींत ३३ फुटांची साखळी असे, तिचे सोळा आणे करीत, व एक साखळी औरसचौरस म्हणजे एक गुंठा. त्या साखळीनें टिपणांत जें लिहिलें तें आण्याच्या भागापर्यंत, म्हणजे दोन फुटांपर्यंत, लिहिलें. ज्या बांधावरून भांडण होतें तो दोन-तीन हात रुंद. आणि आपलें यंत्र फिरतें तीन ते पांच मीटर. जी वस्तु मोजावयाची तिच्याहून मापाची चूकच मोठी, अशा मापानें निकाल कसा लागावा? भूमि-अभिलेख खात्याचे मोजणीदार हल्लीं रोव्हर नांवाचें यंत्र आणतात. तेंहि उपग्रहच ऐकतें, परंतु ज्यांची जागा कायमची निश्चित केलेली आहे अशा केंद्रांकडून त्यास सारखी दुरुस्ती मिळत असते, व चूक कांहीं सेंटिमीटरांवर येते. हातयंत्र व रोव्हर दिसण्यांत एका जातीचीं, पण कामांत नव्हेत. शिवाय रोव्हरहि नुसता हद्द ठरवीत नाहीं. हद्द मूळ टिपणांत, फाळणीच्या नकाशांत व आकारबंदांत आहे. आपल्याकडे निजामी काळचें सेतवार व नंतरचें खासरा पत्रक हींहि पाहावीं लागतात. मोजणीदार त्या अभिलेखावरून रेषा काढतो व ती जमिनीवर कोठें येते एवढेंच यंत्रानें शोधतो. लगतच्या खातेदारांस नोटीस जाते, सर्वांसमक्ष मोजणी होते व मग 'क' प्रत मिळते. कोणाच्या खिशांतील हातयंत्रास यांपैकीं कांहींच ठाऊक नसतें. म्हणून बांधाची शंका आली तर रीतसर मोजणीचा अर्ज करावा. मोजणी होऊन दगड रोवले गेले म्हणजे मात्र त्या दगडांच्या खुणा आपल्या यंत्रांत जरूर घ्याव्या, व नोंदींत तारीख आणि मोजणी रजिस्टर नंबर लिहावा. दगड कोणी उपटला तर तो कोठें होता हें शोधण्यास तेथून आरंभ करतां येईल.

उंचीचा आंकडा सर्वांत अविश्वसनीय समजावा. त्यांत दहा-दहा मीटर फरक पडूं शकतो. नाथसागराची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट आहे, म्हणून यंत्रावर उंची पाहून आपली जमीन तिच्यावर कीं खालीं असा वाद कोणी घालूं नये. चराचा उतार काढण्यास पाण्यानें भरलेली पारदर्शक नळी अजूनहि या यंत्राहून खरी आहे.

घ्यावें कीं न घ्यावें? नुसती हौस असेल तर आधीं घरच्या मोबाइलवर वरील आठ दिवसांची परीक्षा करून पाहावी. फोनांतील जीपीएस नेटवर्क नसतांनाहि जागा सांगतो. हातयंत्राचा फायदा इतकाच कीं तें पाण्यांत पडलें तरी सहसा बिघडत नाहीं, उन्हांत पडदा स्पष्ट दिसतो, व दोन पेन्सिल सेलांवर वीस-पंचवीस तास चालतें. परदेशांतून नातेवाइकांकडून मागवितांना एक सावधगिरी अवश्य बाळगावी : कांहीं यंत्रें उपग्रहाद्वारें संदेश पाठवितातहि. तसलें यंत्र आपल्या देशांत परवान्यावांचून बाळगणें कायद्याच्या विरुद्ध आहे. नुसतें ऐकणारें यंत्र हवें, असें स्पष्ट लिहून कळवावें.

यंत्रांतील खुणा कधीं पुसल्या जातील याचा नेम नसतो. प्रत्येक खुणेचें नांव, अक्षांश, रेखांश, तारीख व जवळच्या एखाद्या ठळक वस्तूपासून टेपानें मोजलेलें अंतर हें वहींत शाईनें उतरून ठेवावें, व ती वही सातबाऱ्याच्या कागदांबरोबर पेटींत असावी. पावसाळ्यांत यंत्र महिनाभर वापरांत नसेल तर सेल काढून ठेवावेत. ते पाझरले म्हणजे आंतले पितळी पाय गंजतात.